केसाएवढी शिरोरेषा

१० एप्रिल २००७, येना, जर्मनी

…आणि म्हणूनच मी अश्लेषाला परत एकदा स्पष्ट सांगितलं की तुझं लग्न टाइम्स न्यू रोमनमध्ये होणार नाही म्हणजे नाही. ती म्हणाली, "अगं, लग्न स्टांडेसआम्टमध्ये, रजिस्ट्रार ऑफिसात, होणार आहे." मी म्हटलं, ते कुठे होणार ते झालं. मी कशात होणार ते विचारतेय. पत्रिका कुठल्या अक्षरात?

(आई म्हणायची, डायरी कोणी ना कोणी चोरून वाचतंच. तर वाचणाऱ्याला नमस्कार, आणि ही माझी बाजू.)

हे सगळं शनिवारी सुरू झालं. बाजारातून येताना चुकीच्या गल्लीत वळले आणि एका होफमध्ये, म्हणजे इमारतीच्या अंगणात, मागच्या बाजूला, एका जुन्या छापखान्याची खिडकी दिसली. खिडकीत एक कागद. कागदावर एकच अक्षर. R. एवढंच. आणि मी तिथे भाजीची पिशवी घेऊन उभी. कारण त्या R चा उभा खांब एकदम जाड, काळाकुळकुळीत, आणि त्याच्या डोक्यावरची आणि पायाखालची आडवी रेघ केसाएवढी. म्हणजे खरंच केसाएवढी! जाड आणि बारीक यांच्यामध्ये काही नाहीच. जसं कोणीतरी काळा सूट घालून ताठ उभं राहिलंय आणि करंगळीवर सतारीची एक तार तोलून धरलीये, आणि वर म्हणतंय, यात काय विशेष.

आतून एक आजी बाहेर आल्या. फ्राऊ लिंडनर. सत्तरीच्या, एप्रनवर शाई. "वालबाउम," त्या म्हणाल्या, जणू नवऱ्याची ओळख करून देतायत. दोनशे वर्षांपूर्वी हा टाइप वायमारमध्ये ओतला जायचा. वायमार! इथून ट्रेनने वीस मिनिटांवर! मी दीड वर्ष इथे फोटोनिक्समध्ये मास्टर्स करतेय, रोज कॉन्ट्रास्ट मोजतेय, आणि जगातला सगळ्यात सुंदर कॉन्ट्रास्ट बाजूच्या गावात बनला हे मला कोणी सांगितलं नाही.

अश्लेषा म्हणजे माझी WG-मेट (एकाच फ्लॅटमध्ये राहतो), सांगलीची, केमिस्ट्रीत पीएचडी. सहा जुलैला तिचं टोबियासशी लग्न. खरं तर सात हवी होती, पण सात-सात-शून्य-सात या तारखेसाठी सगळे जर्मन वेडे झालेत, टर्मीनच, म्हणजे ठरवलेली वेळच, मिळेना.

प्रॉब्लेम एकच. तिचे बाबा. श्रीरंगकाका दर रविवारी फोनवर हवापाण्याबद्दल बोलतात आणि लग्नाचा विषय निघाला की म्हणतात, "बघू." "हो" नाही, "नाही"ही नाही. बघू. अश्लेषा फोन ठेवते आणि भांडी घासायला घेते, घासलेलीच.

म्हणून माझा प्लॅन असा, की अशी पत्रिका बनवायची, अशी की काका ती हातात घेतील आणि थेट व्हिसाच्या लाइनीत उभे राहतील. वालबाउममध्ये. मी फ्राऊ लिंडनरना विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, शनिवारी या, हात धुऊन या.

१४ एप्रिल

आज खरे टाइप हातात घेतले! शिशाचे, जड, गार. इतका छोटासा तुकडा आणि त्याच्या टोकावर उलटं S. मला इतका आनंद झाला की मी ओरडले आणि निहारच्या हातातला चहा सांडला.

निहार म्हणजे माझ्या लॅबमधला, दोन टेबलं सोडून बसतो, नाशिकचा. तो का आला होता माहीत नाही. म्हणाला, सहज. बहुतेक केकसाठी. फ्राऊ लिंडनर ऱ्हाबार्बरचे आंबट देठ घालून केक करतात आणि तो तीन तुकडे खातो.

मग दिवसभर गावात आम्ही एक खेळ खेळलो, हे अक्षर कुठे कुठे दिसतं ते शोधायचं. परफ्यूमच्या दुकानात: होच. फॅशनच्या मासिकावर, जिथे ती हडकुळी बाई रागावून बघते: हो. थिएटरच्या पोस्टरवर, दागिन्यांच्या डबीवर, महागड्या चॉकलेटवर: हो, हो, हो. जिथे जिथे कोणालातरी "मला घाई नाहीये" असं सांगायचं असतं, तिथे हे अक्षर असतं. आणि कुठे नाही? ट्रामच्या फारप्लानवर, म्हणजे वेळापत्रकावर, नाही. औषधाच्या कागदावर नाही.

"ऑटोबानच्या पाट्यांवर पण नाही," निहार म्हणाला. "एकशे ऐंशीच्या स्पीडला बारीक रेघा गायब. नुसते खांब दिसतील. ड्रायव्हरला वाटेल कुंपण आहे."

"तुला सौंदर्यातलं काही कळत नाही."

"कळतं ना," तो म्हणाला, आणि उगाचच ट्रामकडे बघत बसला. ट्राम आमची नव्हतीच.

१८ एप्रिल

आज माझं ग्रुप सेमिनारमध्ये प्रेझेंटेशन होतं. स्लाइड्स अर्थातच त्याच अक्षरात केल्या. माझ्या लॅपटॉपवर काय दिसत होत्या! महाराणीच.

प्रोजेक्टरवर सगळ्या आडव्या रेघा खाल्ल्या गेल्या. त्यात मायनसची खूणसुद्धा गेली. म्हणजे माझं उत्तर होतं मायनस काहीतरी, आणि भिंतीवर आलं नुसतं काहीतरी. प्रोफेसर ताडकन उठून बसले. "आल्झो, हे तर फारच इंटरेस्टिंग आहे!" पाच मिनिटं सगळा ग्रुप माझ्या शोधावर चर्चा करत होता. मग निहारने हळूच हात वर केला आणि म्हणाला, तिथे एक बारीकशी रेघ आहे, पहिल्या रांगेतून दिसते. सगळे परत खाली बसले.

मी त्याच्याशी दुपारपर्यंत बोलले नाही. दोष प्रोजेक्टरचा आहे.

२१ एप्रिल

मालिनीकाकूंचा, म्हणजे अश्लेषाच्या आईचा मेल आला. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेतून, रोमनमध्ये टाइप केलेला. "पत्रिका करणारच आहात तर ही नावं राहू देऊ नका." आणि खाली नावं. नावं, नावं, नावं. काका, आत्या, मामा, आजोबांच्या नावाआधी "कै.", मिरजेचे कोणी, कोल्हापूरचे कोणी, आणि सगळ्यात खाली बारक्या अक्षरात लहान मुलांची नावं आणि "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!"

या अक्षराला जागा लागते! पांढरी, मोकळी, श्वास घेता येईल अशी. पन्नास माणसं आत घुसली तर ते अक्षर कोपऱ्यात चेंगरून मरेल. मी अश्लेषाला जर्मन कार्ड दाखवलं: दोन नावं, तारीख, बास.

"मग सगळीच काढायची?"

"सगळी. नुसतं अश्लेषा आणि टोबियास. बघ कसलं दिसतं!"

तिने कार्ड उलटून मागची बाजू बघितली. "आणि बाबांचं?"

"निमंत्रक म्हणून घालू या का? एक नाव चालेल मला."

"नको," ती म्हणाली. "त्यांनी हो कुठे म्हटलंय? मी नाव घातलं आणि ते म्हणाले कोणाला विचारून घातलंस, तर?"

"मग त्यांना विचार ना."

"तू विचार," ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

म्हणजे डिझाइनच्या दृष्टीने प्रश्न सुटला. दोनच नावं! गेनाऊ! (म्हणजे अगदी बरोब्बर!)

२८ एप्रिल

आता खरी मजा. फ्राऊ लिंडनरकडे रोमन अक्षरं आहेत, पण देवनागरी कुठून आणणार? म्हणून मी स्वतःच काढतेय. जगातलं पहिलं मराठी वालबाउम! (असेल आधी कोणी केलेलं, पण मला माहीत नाही, म्हणून पहिलं.)

नियम सोपा: उभ्या रेघा जाड, आडव्या रेघा केसाएवढ्या. "अ" चा काना असा काही उभा राहिला की मी खोलीभर नाचले. मग वरची आडवी रेघ. तिला शिरोरेषा म्हणतात हे मला निहारने सांगितलं. मी इंग्लिश मीडियम, आमच्या बाई तिला "टॉप लाइन" म्हणायच्या. तर ती पण नियमाप्रमाणे केसाएवढी. सगळे जाड काळे खांब एका अदृश्य तारेवर लटकलेत! जादू!

निहारने लॅबमधून भिंग आणलं होतं माझ्यासाठी. ते घेऊन तो शिरोरेषेवरून दोनदा फिरला.

"काय?"

"काही नाही. ही रेघ फार बारीक आहे. इंग्रजीत आडव्या रेघा थोड्या असतात, तुटल्या तरी चालतं. आपल्याकडे सगळं वजन हिच्यावरच असतं. जरा जाड कर."

"म्हणजे लावण्य घालवू?"

"थोडंसंच घालव."

मी त्याला सांगितलं की तू पुलांचं इंजिनीअरिंग करायला हवं होतंस. तो हसला आणि माझी पेन्सिल तासून दिली. तीनही पेन्सिली तासून दिल्या. याच्याकडे काही काम नसतं का?

फ्राऊ लिंडनरनी पण ड्रॉइंग बघितलं. "त्सू ड्युन," त्या म्हणाल्या. फार बारीक. मी म्हटलं, डांके, थँक यू! मग त्यांनी डोळे मोठे केले, पण ड्रॉइंग ठशासाठी पाठवून दिलं. जस्ताचा ठसा बनवून येतो, त्याला इथे क्लिशे म्हणतात.

५ मे

छापलं!!!

छापलं छापलं छापलं. मशीनचा रोलर फिरवायचा, कागद उचलायचा, आणि तिथे ते असतं! आणि कागदावर हात फिरवला तर अक्षर बोटाला लागतं! पहिली प्रत बघून फ्राऊ लिंडनरसुद्धा म्हणाल्या, "ना जा!", म्हणजे "बरं आहे", आणि थ्युरिंगेनच्या, म्हणजे इकडच्या, लोकांकडून याहून मोठी स्तुती मिळत नाही असं टोबियास म्हणतो. त्याने स्वतः "टोबियास" या देवनागरी अक्षरांवर बोट फिरवलं आणि विचारलं, यातला मी कुठून सुरू होतो?

पहिली प्रत अश्लेषाने बाजूला काढली, गणपतीला. दुसरी कुलदेवीला. पहिल्या दोन देवाच्या, मग माणसांच्या, अशी पद्धत आहे म्हणे. आमच्या किचनमधल्या मसाल्यांच्या वरच्या फळीवर ठेवल्या.

मध्ये मध्ये मी कापडाने ठसा पुसत होते. दहा-बारा प्रतींनंतर शिरोरेषा थोडी तुटायला लागली. मग अजून थोडी. शेवटी शेवटी जवळजवळ गेलीच. पण मला वाटतं त्याने अक्षरांत हवा खेळते. निहार म्हणाला, "ईप्सिता, थांब ना जरा." मी कसली थांबते! हात शाईने बरबटलेले, केसात शाई, नाकावर शाई. निहार सारखा माझ्या नाकाकडे बघत होता. रुमाल दिला, पण पुसून झालं तरी बघतच होता. राहिली असेल थोडी.

७ मे

पत्रिका पोस्टात टाकल्या. चाळीसच्या वर. सांगलीची सगळ्यात आधी, काकांच्या नावाने, कोपऱ्याला हळदकुंकू लावून. पोस्टातल्या बाईने विचारलं हा लाल डाग कसला. म्हटलं, प्रेमाचा.

आता बघच, दहा दिवसांत काका "बघू" म्हणायचं विसरतात.

१९ मे

लिहावंसं वाटत नाहीये.

सकाळी सांगलीहून फोन आला. स्वतःहून. रविवार नसताना. अश्लेषाने स्पीकरवर टाकला, मी शेजारी उड्या मारत होते.

श्रीरंगकाका म्हणाले, "पत्रिका पोचली." मग, "आधी कळेचना काय आहे. डोक्यावर रेघ नाही. शेजारच्या शहांना दाखवली, मला वाटलं गुजरातीत आहे. ते म्हणाले, साहेब, आमचं नाही हे, तुमचंच असणार."

मी फिस्सकन हसले. अश्लेषाने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प.

"मग वाचली," काका म्हणाले. "अश्लेषा. मुलीच्या लग्नाचं आमंत्रण मुलीच्या बापाला येतं का गं? पोस्टाने? मी काय बँकेतला ओळखीचा माणूस आहे? अगं, आमंत्रण आम्ही करायचं असतं. लोकांना. तू मलाच पाहुणा केलंस."

"बाबा, तुम्ही हो म्हणत नव्हतात…"

"मला विचारलं कोणी? 'बाबा, ठरलंय' असं सांगितलंस. विचारलंस कधी?"

मागून काकूंचा आवाज, "अहो, बास करा, तिकडे रडतेय ती."

"पाहुण्यांना जमलं तर येतात," काका म्हणाले. "आम्हाला जमणार नाही." आणि फोन बंद.

अश्लेषा भांडी घासायला पण गेली नाही. खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मी किचनमध्ये बसून देवाच्या फळीवरची ती पहिली प्रत बघितली. शिरोरेषा शाबूत, केसाएवढी, चमकणारी. दोन सगळ्यात चांगल्या प्रती आम्ही अशांना दिल्या ज्यांना काही फरक पडत नाही. आणि काकांना ती, जिच्यात सगळी अक्षरं सुटी सुटी पडली होती.

मला हे डिझाइनच्या दृष्टीने कळत होतं. बाकीचं नव्हतं कळत.

२० मे

अश्लेषा बोलत नाहीये. ब्रेड माझ्या बाजूला सरकवते, पण बोलत नाही.

निहार आला. मी त्याला सगळं सांगितलं आणि खूप रडले, आणि म्हटलं सरळ सांग, माझी चूक आहे का. मला वाटलं तो "तरी मी सांगत होतो" म्हणेल. तो म्हणाला, "अक्षर सुंदरच होतं. त्याला कोणीतरी वर धरायला हवं होतं." मग म्हणाला, "काकांना फोन कर. अश्लेषा नको, तू. तिला विचारायची भीती वाटते. तुला कशाचीच वाटत नाही."

हे खरं नाही. पण छान वाटलं.

२१ मे

केला फोन! कॉलिंग कार्ड खरवडलं आणि केला.

"काका, मी ईप्सिता. ती पत्रिका मी केली. इंग्लिश मीडियम."

पलीकडे टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं.

"मला पत्रिका कशी लिहितात ते येत नाही, काका. तुम्ही मजकूर सांगाल का? मी परत छापते. तुम्ही सांगाल तसाच. प्लीज."

चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज आला. मग काका म्हणाले, "कागद आहे का समोर?"

आणि सांगायला लागले! "आमचे येथे श्रीकृपेकरून… लिहिलंस? पुढे. आमची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. अश्लेषा…" मी विचारलं चि. सौ. कां. म्हणजे काय. ते म्हणाले, "ते लग्नात कळेल तुला, आता नुसतं लिही." टोबियासच्या आईवडलांची नावं त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणून घेतली, उच्चार चुकायला नको म्हणून. मग म्हणाले, "नावांचं आठवड्याने सांगतो. ज्याचं नाव छापायचं, त्याला आधी विचारायचं असतं. घरी जाऊन. न विचारता नाव छापायचं नाही, ही आमच्याकडची पद्धत. छापलेलं पुसता येत नाही, बाळ."

बाळ! मला बाळ म्हणाले!

"म्हणजे तुम्ही येणार, काका?"

"बघू," ते म्हणाले. पण वेगळं बघू. शपथ वेगळं होतं.

अश्लेषाला सांगितलं. तिने आधी मला चिमटा काढला, मग मिठी मारली, मग परत चिमटा काढला.

२६ मे

पण छापायचं कसं? काकूंचा मेल आलाय, काका रोज संध्याकाळी स्कूटर घेऊन एकेका नातेवाइकाकडे जातात आणि सांगतात, मुलगी जर्मन मुलाशी लग्न करतेय, तुमचं नाव घालू का. काल मिरजेला गेले होते. "आत्तापर्यंत कोणाला सांगत नव्हते, आता थांबायला तयार नाहीत. जेवायला घरी येत नाहीत. वजन वाढलंय." पन्नासची साठ नावं झालीत!

मी फ्राऊ लिंडनरकडे जाऊन म्हटलं, माझ्या अक्षराला एवढी गर्दी झेपणार नाही. मी आता कुठलंतरी साधं, जाडजूड अक्षर घेते. निरोपाचं भाषण केलं अगदी.

त्या काही न बोलता एका खालच्या कप्प्याकडे गेल्या आणि एक चिमुकला टाइप माझ्या हातावर ठेवला. वालबाउमच. पण बारका, पुस्तकाच्या तळटिपांसाठीचा. मी निहारचं भिंग लावलं. आणि! त्याच्यात आडव्या रेघा जाड होत्या! केसाएवढ्या नाहीत, चांगल्या दोऱ्याएवढ्या! त्या म्हणाल्या, जुने लोक एकच अक्षर प्रत्येक आकारासाठी वेगळं कापायचे. मोठ्याला बारीक रेघ परवडते. लहान झालं की तीच रेघ जाड करायची, म्हणजे ते तेवढंच सुंदर दिसतं. "मोठं असताना मिरवायचं, लहान असताना टिकायचं. अक्षर एकच."

मी! कॉन्ट्रास्टमध्ये मास्टर्स करणारी मी! बारीक डिटेल लहान आकारात मरतं हे मी परीक्षेत लिहिलंय! मार्क मिळालेत त्याला!

निहार शेजारी केक खात होता. मी म्हटलं, बघ, फ्राऊ लिंडनर किती हुशार आहेत, बारीक रेघ जरा जाड करायची म्हणजे झालं. तो म्हणाला, "हो ना. त्यांनाच कसं सुचलं."

२ जून

काका प्रूफ तपासतायत. मी स्कॅन करून मेल करते, ते सायबर कॅफेत प्रिंट काढतात, लाल पेनाने खुणा करतात, परत स्कॅन करून पाठवतात. इरिगेशन खात्यातून रिटायर झालेत, त्यामुळे खुणा धरणाच्या नकाशासारख्या असतात, बाणासकट.

"शिरोरेषा अजून एक सूत जाड. अक्षर कशालातरी धरून लटकलं पाहिजे."

"लहान मुलांची ओळ सगळ्यात महत्त्वाची. ती वाचता आली पाहिजे. मुलं स्वतःचं नाव शोधतात."

"अश्लेषा व टोबियास ही दोन नावं मात्र पहिल्यासारखीच राहू देत. मोठी. ते अक्षर चांगलं होतं. शहांना पण आवडलं."

चांगलं होतं!!! मी हा मेल प्रिंट करून पलंगाच्या वर लावलाय.

निहार हल्ली गुरुवारी संध्याकाळी गायब असतो. विचारलं तर म्हणतो काम आहे. फ्राऊ लिंडनरना विचारलं तर त्या म्हणतात, कोण निहार. वय झालंय त्यांचं.

९ जून

छापलं, परत. दोनशे. वर दोन नावं, केसाएवढी रेघ (दोन केस, खरं सांगायचं तर), आणि खाली साठ माणसं, सगळी उभी, सगळी वाचता येणारी, एकमेकांना धरून. आणि खाली लहान मुलं. गर्दी आहे, पण छान गर्दी. पांढरी जागा फारशी उरली नाही आणि मला काही वाटलं नाही, यावर माझाच विश्वास बसत नाहीये.

या वेळी पहिली प्रत गणपतीला, दुसरी कुलदेवीला, आणि मग मी एक-एक भिंगाखाली बघून सगळ्यात सरस ती निवडली आणि सांगलीच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवली. गठ्ठा काकांच्या नावाने नाही. काकांना वाटायला.

१८ जून

व्हिसा झाला! काकू फोनवर म्हणाल्या, व्हिसाच्या खिडकीवरच्या माणसाला काकांनी पत्रिका दिली. न मागता. आणि म्हणाले, "या जमलं तर." त्याने म्हणे खरंच वाचली, शेवटपर्यंत.

६ जुलै

स्टांडेसआम्टमधल्या बाईने "जा?" (जर्मनमधलं "हो?") विचारलं आणि अश्लेषा "हो" म्हणाली, मराठीत, आणि मग घाबरून "जा, जा, जा" तीनदा. श्रीरंगकाका सुटात. पहिल्या रांगेत. बाईने कागदावर सह्या घेतल्या तेव्हा काका उठले, टेबलापाशी गेले, वाकून कागद बघितला आणि मला हळूच म्हणाले, "अक्षर काही खास नाही यांचं." मग चष्मा काढून खूप वेळ पुसत राहिले. काकू म्हणाल्या, "अहो, रुमाल घ्या," आणि त्यांनी चष्म्यासाठी घेतला आणि डोळ्यांना लावला.

मग बाहेर आल्यावर त्यांनी अश्लेषाला काहीतरी सांगितलं. मी लांब होते. फक्त ती हसताना दिसली, आणि ते तिच्या पदराची पिन नीट लावत होते, इंजिनीअरसारखी, दोनदा तपासून.

मी जेवताना नुसती हसत होते, वेड्यासारखी. टोबियासच्या मावशीने विचारलं तुम्हीच का अक्षरवाल्या. मी म्हटलं, जा! गेनाऊ!

७ जुलै

आज सगळे झोपेत, मी चहा घेऊन बसलेय, कारण एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

काल निघताना निहारने मला एक पाकीट दिलं. त्याने गुरुवारी गुरुवारी फ्राऊ लिंडनरकडे टाइप जुळवायला शिकून घेतलं म्हणे! माझ्यापासून लपवून! आत एक कार्ड. स्वतः छापलेलं. मोठं वालबाउम, रोमन अक्षरांत. डावीकडे NIHAR. मध्ये & ची ती खूण, जी या टाइपमध्ये नाचणाऱ्या बाईसारखी दिसते आणि मी त्याच्यापुढे जिच्यावर तासभर बोलले होते. आणि उजवीकडे काही नाही. कोरं.

मी म्हटलं, अरे, अर्धवट आहे. पुढचं कुठे गेलं?

तो कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "काका म्हणाले होते ना. न विचारता नाव छापायचं नाही." आणि त्याची ट्राम आली. या वेळी खरंच त्याची होती, पण तो चढायचाच विसरला आणि मग चालतच गेला.

मी कार्ड भिंगाखाली बघितलं. छपाई सुरेख आहे, हं. रेघ कुठे तुटलेली नाही. आणि उजवीकडची कोरी जागा मी पट्टीने मोजली, उगाचच. बरोब्बर सहा अक्षरं मावतील एवढी आहे. फ्राऊ लिंडनरच्या कप्प्यात सगळी अक्षरं भरपूर आहेत, मी स्वतः लावून ठेवलीत, त्यामुळे संपली असतील असं नाही. मग मी रोमनमध्ये सहा अक्षरांची नावं आठवत बसले. चहा गार झाला. माझंसुद्धा सहाचंच निघालं, योगायोग असेल.

तर हे जो कोणी चोरून वाचत असेल (अश्लेषा, असलीस तर तूसुद्धा), एक मत हवंय. निव्वळ डिझाइनच्या दृष्टीने. ती उजवीकडची जागा तशीच मोकळी छान दिसतेय, की तिथे काहीतरी असायला हवं, तुम्हाला काय वाटतं?